रॅम एकच, नंबर चार: बीबीसी मायक्रोच्या बोर्डात गेलेले साडेसहा हजार

बीबीसी मायक्रो हा १९८० च्या दशकातला संगणक अजून चालवत असाल तर हे वाचाच. ज्याने मला फसवलं तो माणूस नाशिकमध्येच आहे आणि अजूनही रॅम वाढवायचे बोर्ड विकतोय.

माझं मशीन मॉडेल बी. १९८४ मध्ये ‘क्लास’ या शालेय संगणक शिक्षणाच्या सरकारी योजनेतून शाळांना हीच मशीन मिळाली होती. आमच्या शाळेत मी पहिला प्रोग्राम त्यावरच लिहिला, म्हणून त्याच्यावर इतका जीव. रॅम ३२ के (किलोबाइट). रॉमसाठी, म्हणजे कायमचे प्रोग्राम असलेल्या चिपांसाठी, आत चारच सॉकेट. एकात बेसिक ही प्रोग्रामिंगची भाषा, दुसऱ्यात डिस्कचा रॉम, म्हणजे मोकळी उरली दोन. ऑपरेटिंग सिस्टिम खरं तर ० ते १५ असे सोळा कप्पे ओळखते, प्रत्येकी १६ के चा, पण मशीनचं मूळ बोर्ड नंबरातले शेवटचे दोनच बिट (बायनरी अंक) बघतं. त्यामुळे एका सॉकेटमधली चिप चार नंबरांना ओ देते. माझी फसवणूक नेमकी इथे झाली.

तो विक्रेता इंदिरानगरला माझ्या घरी आला. मोकळ्या सॉकेटमध्ये छोटं बोर्ड बसवलं, लिहिण्याच्या सिग्नलची वायर जोडली. “काका, चौसष्ट के रॅम, चार कप्पे,” म्हणाला आणि चाचणी चालवली. कप्पा ३: लिहिलं, वाचलं, बरोबर. मग ७, मग ११, मग १५. चारही बरोबर! मी तिथेच यूपीआयने पैसे दिले. सगळे नंबर चार-चारने का वाढतायत, हे तेव्हा माझ्या डोक्यात यायला हवं होतं.

त्याच रात्री ३ मध्ये ‘व्ह्यू’ हा लेखनाचा प्रोग्राम भरला आणि ७ मध्ये दुसरा रॉम. व्ह्यू गायब! बोर्ड काढून मल्टिमीटर लावला. चारपैकी तीन चिपांच्या पिना कुठेच जोडलेल्या नव्हत्या, नुसत्या दाखवायला डकवलेल्या. नंबरही घासून काढलेले. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. चालू रॅम फक्त १६ के.

त्याची चाचणी लिहून लगेच वाचत होती, म्हणून ती कधी चुकणारच नव्हती. तुम्ही आधी चारही कप्प्यांत वेगवेगळे आकडे लिहा, सगळं लिहून झाल्यावरच पहिल्यापासून वाचा. चारही ठिकाणी शेवटचाच आकडा आला तर रॅम एकच आहे. हे थेट बेसिकमधून जमत नाही, कारण बेसिक स्वतःच त्या जागेत बसलेलं असतं. छोटा मशीन कोड (प्रोसेसरच्या थेट सूचना) मुख्य रॅममध्ये ठेवून करावं लागतं. तेवढा वेळ विक्रेत्याला बसवून ठेवा. बोर्ड लावायच्या आधी खालची बाजू उलटून बघा, जोडण्या दिसल्याच पाहिजेत.

फोन केला तर म्हणाला, “तुमचं मशीनच जुनं आहे हो काका.” नंतर माझा नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. परवा त्याच बोर्डाची जाहिरात पुन्हा दिसली, आता साडेसात हजारांना.