साउथ नाहानीची सफर: धबधब्यापासून नव्हे, रॅबिटकेटलपासून सुरू करा

कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधल्या साउथ नाहानी नदीपर्यंत रस्ता जात नाही. पाण्यावर उतरणारं छोटं विमान हाच मार्ग, आणि ते कुठे सोडतं त्यावर सफरीचे तीन प्रकार पडतात: उगमाकडच्या मूस पॉन्ड्सपासून सुमारे तीन आठवडे, रॅबिटकेटल तलावापासून १२ ते १४ दिवस, किंवा थेट व्हर्जिनिया धबधब्यापासून आठ-दहा दिवस. तिसरी सफर रजेत बसते, म्हणून मोह तिचाच होतो. आमचं मत स्पष्ट आहे: जमत असेल तर मधली घ्या.

कारण नदीच्या रचनेतच आहे. रॅबिटकेटल ते धबधबा हा शंभरेक किलोमीटरचा भाग संथ आहे. नदी रुंद खोऱ्यात आळसावल्यासारखी वळणं घेत जाते, आणि दोन दिवसांत काहींना त्याचा कंटाळाही येतो. पण धबधब्याखाली तशीच वळणं पुन्हा भेटतात, तेव्हा दोन्ही बाजूंना खडकाच्या भिंती असतात. पाणी सहसा डोंगराला वळसा घालतं. इथे नदी आधीची आहे आणि डोंगर नंतरचे. सपाटीवर वळणं घेणाऱ्या नदीखालची जमीन हळूहळू उचलली गेली आणि नदी त्याच वळणांत खाली कापत राहिली. वरचा संथ भाग पाहिलेल्याला हे सांगावं लागत नाही. धबधब्यापासून निघालेल्याला घळी भव्य दिसतात, पण ही गोष्ट निसटते.

घळींच्या क्रमांकांनी गोंधळू नका. प्रवाहाबरोबर येताना आधी चौथी लागते आणि शेवटी पहिली, कारण हे आकडे खालून वर चढत आलेल्या माणसांनी दिलेत. चौथी घळ धबधब्यानेच कोरली आहे. धबधबा चुनखडीचा खडक खात मागे सरकत गेला आणि मागे ही चिंचोळी वाट उरली. पहिल्या घळीच्या भिंती सगळ्यांत उंच, हजार मीटरच्या आसपास. हा परिसर शेवटच्या हिमयुगात बर्फाखाली गेला नाही, त्यामुळे हिमनदीने घासलेल्या दरीसारखा पसरट तळ इथे दिसत नाही.

रॅबिटकेटलचा दुसरा फायदा म्हणजे तिथले तुफाचे उंचवटे. गरम झऱ्याच्या पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट थर देत बसतं आणि त्याचा पायऱ्यापायऱ्यांचा घुमट तयार होतो. मोठा घुमट सुमारे २७ मीटर उंच आणि ७० मीटर रुंद आहे. पायऱ्यांच्या कडा इतक्या नाजूक असतात की बुटाच्या एका टाचेने त्या चुरतात. म्हणून नाहानी राष्ट्रीय उद्यानाचे कर्मचारी बरोबर असल्याशिवाय जाता येत नाही, आणि वर चालायचं ते अनवाणी. कर्मचारी कधी उपलब्ध आहेत ते आरक्षण करतानाच विचारून घ्या.

व्हर्जिनिया धबधबा, इथल्या मूळ रहिवाशांच्या डेने भाषेत नाइलिचो, ९० मीटरहून उंच आहे, म्हणजे नायगाराच्या जवळजवळ दुप्पट. त्याच्या वरच्या अंगाला स्लूस बॉक्स नावाचे रॅपिड, म्हणजे खडकांतून उसळत धावणाऱ्या पाण्याचे टप्पे आहेत आणि त्यांत शिरलेली होडी परत फिरत नाही. बाहेर पडायच्या जागेच्या बऱ्याच आधी काठ धरा. तिथून होडी आणि सामान वाहून न्यायची पायवाट साधारण १.३ किलोमीटरची आहे. अंतर कमी वाटतं, पण दोन आठवड्यांचं सामान माणशी तीन फेऱ्यांत उरकलं तरी जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटर होतात. त्यासाठी अख्खा दिवस ठेवा. सामान सुटं नको. पिंपं आणि पाठीवरच्या पिशव्या एवढंच असू द्या.

खाली पाणी जोरात आहे. कनूवर, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद उघड्या होडीवर, ताणून बसवायचं कापडी आच्छादन हवंच, नाहीतर चौथ्या घळीतल्या उभ्या लाटांनी होडी भरते. त्यापुढे फिगर एट, म्हणजेच हेल्स गेट: प्रवाह भिंतीवर आदळून काटकोनात वळतो आणि दोन्ही बाजूंना भोवरे होतात. आधी काठावर उतरून पाहा. राफ्टमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या रुंद रबरी होडीत, इथे एखादी चूक झाली तरी निभावतं. कनूचा सराव कच्चा असेल तर मार्गदर्शकासह राफ्टच घ्या.

पिण्याचं पाणी हा रोजचा छळ. मुख्य प्रवाहात इतका बारीक गाळ असतो की फिल्टर एका दिवसात तुंबतो. बादली भरून रात्रभर ठेवा, सकाळी वरचं निवळलेलं पाणी हलक्या हाताने काढून तेवढंच गाळा. स्वच्छ ओढा भेटला की पिंपं भरून घ्या. वरच्या डोंगरांत पाऊस झाला की तुमच्याकडे ऊन असतानाही पातळी झपाट्याने चढते. तंबू उंचावर लावा, होड्या ओढून झाडाला बांधा. अस्वलं आहेत, ग्रिझलीही. खाणं अस्वलाला न उघडणाऱ्या पिंपात आणि तंबूपासून लांब.

उद्यानाची व्यवस्था कडक आहे आणि ती तशीच हवी. गटात जास्तीत जास्त १२ जण, जाताना नोंद, बाहेर पडल्यावर पुन्हा नोंद. या धबधब्यावर एकेकाळी वीजप्रकल्पाचा विचार झाला होता. १९७० मध्ये पंतप्रधान पिएर ट्रूडो नदीवर येऊन गेले, १९७२ मध्ये जागा राखून ठेवली गेली आणि १९७८ मध्ये ती युनेस्कोच्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत आली. तरी बराच काळ उद्यान म्हणजे नदीकाठची अरुंद पट्टी होती. २००९ मध्ये ते सुमारे ३०,००० चौरस किलोमीटरचं झालं, तेव्हा कुठे खोऱ्याचा मोठा भाग संरक्षणात आला. मूस पॉन्ड्सकडचा भाग २०१४ पासून नात्सिचोह या वेगळ्या राखीव उद्यानात आहे, तेव्हा तिथून निघणाऱ्यांनी दोन्हीकडच्या परवानग्या तपासाव्यात.

पहिली घळ संपताच क्राउस गरम झरे लागतात. गंधकाचा वास येतो, पण पाणी अंग शेकण्याजोगं आहे. त्यापुढे नदी अनेक फाट्यांत विखुरते. जास्त पाणी जिकडे वळतं तो फाटा धरा, नाहीतर वाळूवर अडकून होडी ओढावी लागते. नाहानी ब्यूट गावाजवळ नदी लियार्ड नदीला मिळते. परतीचं विमान ढगांमुळे अडू शकतं, म्हणून दोन दिवसांचा शिधा तिथपर्यंत न फोडता राखून ठेवा.