गूगल न्यूज आणि अलर्ट्स: नागपूरच्या बातम्यांसाठी कितपत कामाचे?

‘नागपुर’ असा ऱ्हस्व पु घालून शोधलं की हिंदी बातम्यांची रांग लागते, ‘नागपूर’ लिहिलं की मराठी पुढे येतात. शहरातल्या कळमना बाजाराचंही तेच: ‘कलमना’ हिंदी, ‘कळमना’ मराठी. दोन्ही भाषांची दैनिकं निघणाऱ्या शहरात गूगल न्यूज वापरायचं तर एक शोध दोनदा करावा लागतो, आणि बहुतेक जण तो एकदाच करतात. मग ‘गूगलवर काहीच नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

दुसरी अडचण अस्सल मराठी आहे. नागपूरला प्रत्यय लागला की पू ऱ्हस्व होतो: नागपुरात, नागपुरातील. उड्डाणपूलचं उड्डाणपुलाचे होतं, संत्र्याचे तर संत्रा, संत्री, संत्र्याला असे तीन अवतार. अवतरणचिन्हांत शब्द टाकणं म्हणजे नेमकं तेच रूप मागणं. इंग्रजी बातम्यांसाठी ही हुकमी युक्ती आहे, मराठीत ती बऱ्याचदा अंगावर येते. त्यापेक्षा रूपं सुटी टाकून मधे मोठ्या इंग्रजी अक्षरांतलं ‘ओआर’ लिहावं. ‘शेतकऱ्यांना’मधला ऱ्य तर संगणकावर दोन प्रकारे टंकला जातो; दिसायला एकच, आतून वेगळा. म्हणून नुसतं ‘शेतकरी’ टाकणं बरं.

गूगल न्यूज 2002 पासून आहे, अलर्ट्स, म्हणजे दिलेल्या शब्दाची नवी बातमी मेलने कळवणारी सोय, त्याच्या पुढच्या वर्षीपासून. न्यूजच्या सेटिंगमध्ये भाषा आणि प्रदेश ‘मराठी (भारत)’ करून घ्यावा, नाहीतर नागपूरच्या स्थानिक बातम्याही इंग्रजीतच समोर येतात. एकाच घटनेच्या वेगवेगळ्या दैनिकांतल्या बातम्या एकत्र दाखवणारं बटण हा यातला सगळ्यात कामाचा भाग. महापालिकेच्या सभेची बातमी तिथे उघडली की कोणी ठराव मंजूर झाल्याचं लिहिलंय आणि कोणी तो फक्त पटलावर आल्याचं, हे दोन मिनिटांत दिसतं.

फोनच्या पडद्यावर डावीकडे आपोआप येणारं डिस्कव्हर मात्र बातमी शोधायला वापरू नये. तुम्ही काय उघडता त्यावर ते चालतं. एकदा संत्र्याचा भाव उघडला की पुढचे कितीतरी दिवस संत्रीच.

अलर्ट्स बहुतेक जण लावतात आणि विसरतात, कारण काही येतच नाही. शब्द टाकल्यावर खालचे ‘पर्याय दाखवा’ उघडायला हवेत. भाषा खात्याच्या भाषेवर अडकलेली असते, ती ‘कोणतीही भाषा’ करा. ‘फक्त सर्वोत्तम निकाल’ ऐवजी ‘सर्व निकाल’. वारंवारता दिवसातून एकदा पुरते. ‘घडेल तेव्हा’ ठेवलं तर हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत मेलपेटीची धर्मशाळा होते. आणि नुसतं ‘मनपा’ कधी लावू नका, राज्यातल्या सगळ्या महापालिका दारात येतील. ‘नासुप्र’ (नागपूर सुधार प्रन्यास) हा शब्द त्या मानाने सोन्यासारखा, कारण तो नागपूरबाहेर फारसा कोणी वापरत नाही.

जुनी बातमी हवी असेल तर शोधात इंग्रजीतलं ‘आफ्टर’, त्याला चिकटून कोलन आणि वर्ष-महिना-दिवस. शेवटच्या तारखेसाठी तसंच ‘बिफोर’. कोलननंतर जागा सोडली की सूचना लागू होत नाही. संत्र्यासाठी हे फार उपयोगी, कारण अंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन बहारांचे, म्हणजे हंगामांचे, भाव एकाच यादीत मिसळून येतात, आणि मागच्या वर्षीचा मथळा आजचा वाटतो.

भावाच्या मथळ्यात बहुधा सर्वात चढा आकडा असतो. कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समितीनिहाय आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर असे वेगवेगळे रकाने मिळतात. बागायतदाराला हवा तो शेवटचा. परिमाणाचा रकानाही वाचावा. व्यापारी टनावर बोलतो, तक्ता क्विंटलवर. 25 हजार रुपये टन म्हणजे 2,500 रुपये क्विंटल, एवढा हिशोब डोक्यात ठेवला की घबराट होत नाही.

गूगलची खरी मर्यादा शासन निर्णयाशी गाठ पडते तेव्हा कळते. बातमी सांगते ‘सरकारचा मोठा निर्णय’, पण तारीख नाही, विभाग नाही. मूळ जीआरच्या शेवटच्या परिच्छेदात 18 आकडी संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस: 20250103 ने सुरू झाला तर 3 जानेवारी 2025. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या पीडीएफच्या माथ्यावर एक तारीख आणि संकेतांकात भलतीच असेल, तर तो कागद पुढे पाठवू नका. राज्य शासनाच्या संकेतस्थळावर हाच संकेतांक टाकून निर्णय उघडतो. नंतर शुद्धिपत्रक निघालंय का, तेही तिथेच विभाग निवडून पाहायचं; बातमीत ते क्वचितच येतं.

2024 च्या ऑगस्टपासून भारतात शोधाच्या वर एआयने तयार केलेलं उत्तर दिसू लागलं. ढोबळ प्रश्नाला ठीक आहे. ‘अर्जाची शेवटची तारीख किती’ अशा प्रश्नाला ते वाचून थांबू नका. मुदतवाढ मिळालेल्या योजनेची जुनी तारीखही त्यात येऊ शकते. त्या उत्तराखालचे दुवे उघडा, किंवा वरच्या पट्टीत ‘वेब’ निवडा, म्हणजे निव्वळ दुवे उरतात.

गुण द्यायचेच तर ताज्या बातमीसाठी पाचपैकी चार, पाचेक वर्षांपूर्वीच्या मराठी बातमीसाठी दोन. त्या दोनाचं कारण सगळं गूगलच्या माथी मारता येणार नाही. ई-पेपरचं पान हे बऱ्याचदा नुसतं चित्र असतं, त्यातली अक्षरं शोधयंत्राला दिसत नाहीत. जुन्या सरकारी पीडीएफ युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत. त्यातला मजकूर कॉपी करून बघा, ‘नागपूर’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला बाहेर पडतो. अशा कागदासाठी पानाचा फोटो गूगल लेन्सला देऊन मजकूर उचलावा. जोडाक्षरं आणि अनुस्वार मात्र मूळ पानाशी ताडून घ्या, आणि आकडे तर दोनदा: देवनागरी ५ आणि ६ धूसर छपाईत सहज अदलाबदल होतात.