सँडरचा गोल पेपर : १० रुपयांचा घ्यावा की ३० चा?

ओळखीतले एक निवृत्त मास्तर परवा पिशवी घेऊन आले. पिशवीत नवाकोरा सँडर, म्हणजे लाकूड घासायचं मशीन, आणि ऑनलाइन मागवलेला ५० गोल पेपरचा गठ्ठा. घरचं जुनं सागवानी दार स्वतःच्या हाताने घासून पॉलिश करायचं त्यांनी मनावर घेतलंय. म्हणाले, "मालक, मशीन झकास फिरतंय, पण पेपर उडून अंगणात पडतोय."

मी त्यातला एक वापरलेला पेपर घेतला आणि पाठ नखाने खरवडली. दुधावरची साय निघावी तसा वेल्क्रोचा थर कागदापासून सुटून हातात आला. पुढचे दाणे अजून चांगले धारदार होते. घासायची बाजू शाबूत आणि पाठच गेलेली. स्वस्त पेपरचं हे दुखणं मी इतक्या वेळा पाहिलंय की मास्तरांना आधी चहा दिला.

वेल्क्रो म्हणजे काय हे सोलापुरात समजावून सांगायला लागत नाही. आपल्या टर्किश टॉवेलला जसे बारीक फासे असतात, तसे पेपरच्या पाठीवर असतात. मशीनच्या पॅडवर आकडे असतात आणि ते या फाशांत अडकतात. फाशांचा थर कागदाला डिंकाने चिकटवलेला असतो. पैसे वाचवताना पहिली कात्री या डिंकाला लागते. मशीन दाबून धरलं की पॅड तापतं, डिंक मऊ पडतो आणि पेपर उडतो. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना पत्र्याच्या शेडमध्ये काम करत असाल, तर डिंक आधीच अर्धा तापलेला असतो.

म्हणजे स्वस्त पेपर घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण सगळ्या नंबरांत नाही. ते पुढे सांगतो. आधी माप.

माप आणि भोकं

घरगुती वापराचे बहुतेक गोल सँडर १२५ मिलिमीटरचे, म्हणजे पाच इंची असतात आणि पॅडला आठ भोकं असतात. बॉशचा जीईएक्स १२५-१ एई हा आपल्याकडे पुष्कळ दिसणारा सँडर २५० वॅटचा, १२५ मिलिमीटरचा. मकिताच्या बीओ ५०३० चं पॅड १२३ मिलिमीटरचं आहे, पण त्यालाही पाच इंची पेपरच बसतो. दुकानात "पाच इंची वेल्क्रो, आठ भोकांचा" एवढं म्हटलं की भागतं.

बिनभोकांचा पेपर दोन रुपयांनी स्वस्त मिळतो, तो घेऊ नका. भोकांतून भुसा ओढला गेला नाही तर तो दाण्यांच्या मध्ये बसतो आणि पेपर कापायचा थांबून नुसता तापतो. भोकांशी भोकं जुळवून लावायची, हेही तितकंच महत्त्वाचं. मास्तरांनी घाईत निम्मी भोकं झाकून पेपर लावले होते. घरचा व्हॅक्यूम क्लीनर सँडरच्या मागच्या नळीला जोडता आला तर जोडा. तोंड जुळत नसेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढून बसवा. पेपरचं आयुष्य वाढवायला याच्याइतका स्वस्त उपाय मला तरी सापडलेला नाही.

अजून मशीनच घेतलं नसेल तर एक पर्याय ध्यानात ठेवा. चौकोनी सँडरला साधा काचपेपर फाडून लावता येतो. २३० बाय २८० मिलिमीटरच्या पूर्ण पानाचे ११५ बाय १४० चे चार तुकडे होतात. पेपरच्या खर्चात याला तोड नाही. पण काम हळू होतं, आणि जुना रंग काढायला तो फारच मिळमिळीत.

चार जातींचे पेपर

पहिली जात म्हणजे बिननावाचा किंवा कधी न ऐकलेल्या नावाचा. गठ्ठ्यात घेतला की नग साधारण १०-१५ रुपयांत पडतो. दाणे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, कागद बहुतेक वेळा पातळ.

दुसरी जात नावाच्या कंपन्यांची. ग्राइंडवेल नॉर्टनचा नॉर्टन, मुरुगप्पा समूहाच्या कार्बोरंडम युनिव्हर्सलचा क्यूमी, बॉश, थ्री-एम. नग २५-३५ रुपयांच्या घरात. दाणे इथेही बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडचेच. मग जास्तीचे पैसे कशाचे? जाड कागद, दाणे धरून ठेवणारा आणि उष्णतेत टिकणारा राळेचा बंध आणि दाण्यांची नीट चाळणी यांचे. या चाळणीवरच माझं सगळं म्हणणं उभं आहे.

तिसरी जात सिरॅमिक दाण्यांची. हे दाणे झिजताना बारीक तुटत जातात आणि नवी धार उघडी पडते, म्हणून टिकतात. किंमत दुप्पट किंवा त्याच्याही वर. ज्याचं रोजचं काम आहे, ज्याच्याकडे मजुरीवर दोन पोरं आहेत, त्याला परवडतो. एका दारासाठी कशाला?

चौथी जात जाळीची. फिनलंडच्या मिर्काने हा प्रकार नावारूपाला आणला. कागदाऐवजी जाळी असते, त्यामुळे भोकं जुळवायची कटकट नाही आणि धूळ सगळीकडून ओढली जाते. वस्तू उत्तम. पण व्हॅक्यूम जोडलेला नसेल तर तीच धूळ जाळीतून मागे जाऊन पॅडचे आकडे खाते. शिवाय पॅड वाचवायला मध्ये आणखी एक चकती लावावी लागते, तिचे पैसे वेगळे. व्हॅक्यूम नाही तर जाळी नाही, एवढं साधं आहे.

दुकानदार कधी झिरकोनियाचा पेपरही पुढे करतो. तो लोखंडासाठी. आणि काळा सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे आपला वॉटर पेपर, पॉलिशच्या दोन हातांमध्ये घासायला चांगला. कोऱ्या लाकडावर तो लवकर मरतो.

स्वस्त कुठे चालतो, कुठे नाही

नंबराचं गणित सगळ्यांना ठाऊक असतं : नंबर लहान तेवढा दाणा मोठा. आकड्यात सांगायचं तर पी ८० चा दाणा सरासरी २०१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पी १२० चा १२५ चा आणि पी १८० चा ८२ चा. नंबराच्या आधी छापलेलं "पी" म्हणजे युरोपीय फेपा मोजणी. अमेरिकी मोजणीत तेच आकडे असतात आणि १८० पर्यंत दोन्ही जवळपास सारखे. पुढे मात्र फाटे फुटतात. अमेरिकी ३२० म्हणजे जवळजवळ पी ४००. गठ्ठ्यावर "पी" नाही आणि नंबर मोठा आहे, तर सावध राहा.

आता ८० नंबरच्या स्वस्त पेपरचा विचार करा. चाळणी ढिसाळ असल्याने त्यात चार दाणे ६० चे निघाले. काय बिघडलं? जरा खोल चरे पडतील, पुढचा १२० चा हात ते काढून टाकेल. पेपर लवकर बोथट होईल एवढंच. माझ्या अनुभवात नावाच्या ८ पेपरांचं काम करायला स्वस्तातले १४ लागतात. १४ गुणिले १० म्हणजे १४० रुपये, ८ गुणिले ३० म्हणजे २४०. पेपर बदलायला वेळ आहे, मजुरी आपल्याच हाताची आहे, तर इथे स्वस्त चालेल.

तीच ढिसाळ चाळणी १८० मध्ये घ्या. ८२ मायक्रॉनच्या दाण्यांत एकच दाणा १५० मायक्रॉनचा बसला. सँडर नुसता गोल फिरत नाही, फिरता फिरता डोलतोही. त्यामुळे तो एक दाणा फळीभर गोल गोल चऱ्यांच्या जिलेब्या काढत सुटतो. तेव्हा त्या दिसत नाहीत. लाकूड कोरडं असताना सगळं गुळगुळीत भासतं. पॉलिशचा पहिला हात मारला की रंग त्या चऱ्यांत उतरतो आणि दारावर जिलेब्यांचं ताट मांडल्यासारखं दिसतं. पुन्हा सगळं उतरवा, पुन्हा १२०, पुन्हा १८०. मी हे एका गिऱ्हाइकाच्या देव्हाऱ्यावर भोगलंय, तेही दिवाळीच्या चार दिवस आधी.

बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. ८० वर भरपूर काम आहे म्हणून तिथे पैसे घालतात, आणि १८० ने नुसता शेवटचा हात फिरवायचा म्हणून तिथे वाचवतात. पण १८० कमी झिजतो, तो लागतोच किती? एका दाराला तीन. नावाचा घेतला तर ९० रुपये.

सात बाय तीन फुटाच्या दाराच्या दोन्ही बाजूंचा माझा हिशेब असा बसतो. सगळे स्वस्त घेतले तर ८० चे १४, १२० चे ६ आणि १८० चे ४, मिळून २४० रुपये. सगळे नावाचे घेतले तर ८, ४ आणि ३, म्हणजे ४५०. आणि ८० स्वस्त, बाकी दोन्ही नावाचे घेतले तर १४०, १२० आणि ९०, मिळून ३५०. मास्तरांना मी हा शेवटचा आकडा सांगितला. सगळे स्वस्त घेण्यापेक्षा ११० रुपये जास्त जातात, पॉलिशच्या खर्चापुढे ते काहीच नाहीत. रोज घासणाऱ्याचं गणित वेगळं, कारण त्याचा पेपरपेक्षा वेळ महाग. त्याने ८० सुद्धा नावाचा किंवा सिरॅमिकच घ्यावा.

जुना रंग असेल तर

ऑइल पेंटवर कुठलाही पेपर बिचारा. रंग तापून मऊ होतो, दाण्यांत गच्च बसतो आणि ३० रुपयांचा पेपरही १० रुपयांच्या पेपरइतक्याच लवकर थिजतो. पांढरट लेप असलेला पेपर मिळतो, तो जरा तग धरतो. तो लेप साबणाच्या जातीतला असतो, त्याने भुसा चिकटत नाही. तेलकट सागवानावरही हाच बरा. पण शक्यतो रंग आधी रिमूव्हर लावून खरवडून काढा आणि मग सँडर धरा.

आणखी एक गोष्ट पैशापलीकडची आहे. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० पेक्षा, जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती असेल याचा भरवसा नाही. जुन्या दारावर तसले पाच-सहा थर असतील तर तो रंग कोरडा घासून धूळ उडवू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नको. कोऱ्या लाकडाची धूळही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातली आहे. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क घ्या.

दुकानात काय बघायचं

पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात सुटा नग मिळतो, हा ऑनलाइनच्या गठ्ठ्यापेक्षा मोठा फायदा. पेपर हातात घ्या. कडेला पाठीचा थर नखाने उचलून बघा, सहज सुटला तर परत ठेवा. दोन पेपर एकमेकांवर हलके घासा. दाणे मिठासारखे गळाले तर बंध कच्चा आहे. पेपर सपाट आहे का वाकलेला तेही बघा. आपल्या कोरड्या हवेत कागद वाकतो, म्हणून घरी आणल्यावर दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. दोन-तीन सुटे नग वापरून बघा आणि मगच डझनाने घ्या.

मास्तरांना आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मशीन दाबायचं नाही, त्याचं स्वतःचं वजन आणि हाताचा नुसता भार पुरतो. दाबलं की पॅड फिरायचं थांबतं, जिलेब्याही पडतात आणि वेल्क्रोही जातं. आणि झिजलेला ८० म्हणजे १२० नव्हे. बोथट दाणा बारीक घासत नाही, लाकूड नुसतं चोळतो आणि तापवतो. झिजलेले पेपर मी दुमडून दाराच्या नक्षीत आणि कोपऱ्यांत हाताने मारतो. पाठीच्या फाशांमुळे बोटांना पकड चांगली मिळते.

आठवड्याने त्यांचा फोन आला, १८० चा हात झालाय, आता पॉलिश मारू का? म्हटलं, घरात जुना टॉवेल असेलच, तो सगळ्या दारावरून हलक्या हाताने फिरवा. आमचे आजोबा मागावरचे. मागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी धोट्याला झिरो पेपर मारला की ते त्यावरून सुताचा पुंजका ओढायचे. सूत अडकलं की धोटा परत घासायला. टॉवेलचे फासे तसेच बारीक कुसं उरलेल्या जागी अडकतात, बोटाला लागत नाही तिथेही.

पलीकडून बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाले, "खालच्या चौकटीपाशी अडकतोय."