अमिट्रिप्टिलीन १० मिग्रॅ: आठ महिन्यांनंतर (गोळीला चार तारे, कात्रीला शून्य)

गोळीबद्दल लिहायला बसले आहे, पण आधी मेडिकलमधल्या कात्रीबद्दल बोलू द्या. गेले आठ महिने माझं खरं भांडण तिच्याशीच चाललंय.

झालं असं. गेल्या श्रावणात मला उजव्या बरगडीवर नागीण झाली. शेजारच्या आजींनी काव लावायला सांगितलं. वर हेही सांगितलं, की नागिणीचं तोंड शेपटीला लागलं तर माणूस जगत नाही. डॉक्टर हसले. नागीण एका नसेच्या वाटेनं जाते, म्हणून बहुधा अंगाच्या एकाच बाजूला राहते, असं म्हणाले. पुरळ पंधरा-वीस दिवसांत वाळलं, पण आग गेली नाही. तीन महिने झाले तरी ब्लाउजची कड घासली की तवा लागल्यासारखं व्हायचं. दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्यांनी ढिम्म फरक पडला नाही. तेव्हा कार्तिकात मिरजेच्या डॉक्टरांनी ही लिहून दिली. रात्री एक, आठवड्यानंतर दोन.

थोरल्यानं मोबाइलवर नाव टाकलं आणि घरात शांतता पसरली. ‘आई, ही डिप्रेशनची गोळी आहे.’ सूनबाई त्या दिवसापासून माझ्याशी जरा हळू आवाजात बोलू लागली. आता सगळ्यांसाठी एकदाच लिहिते. औषध डिप्रेशनसाठीच आलं, १९६०च्या सुमाराला. ज्या घराण्यातलं आहे त्यातलं पहिलं औषध, इमिप्रामीन, स्वित्झर्लंडमध्ये आधी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना देऊन पाहिलं होतं. तिथे जमलं नाही, पण उदास रुग्णांना गुण आला. रेणूत तीन कड्या असतात म्हणून ट्रायसायक्लिक. नसांच्या दुखण्याला तेच औषध फार कमी मात्रेत देतात. डिप्रेशनला ७५, १०० अशी मात्रा चढते, आमची सुरुवात १०वर. आणि समजा डिप्रेशनसाठी असती, तरी आवाज हळू करायचं कारण काय?

आता कात्री. पहिल्या आठवड्याच्या मी सातच गोळ्या घेतल्या. गुण येतो की नाही ते कळण्याआधी अख्खी पट्टी कोण घेणार? मास्तरीण होते, पेन्शनीत भागवते. दुसऱ्या आठवड्यात तर आणखी शहाणपणा केला, ‘तीन रात्रींच्या सहाच द्या’ म्हटलं. काउंटरवरच्या पोरानं कचाकच सहा कापून दिल्या, पाकिटावर ‘रात्री २’ लिहिलं. माझ्या तुकड्यावर नावाचं शेपूट तेवढं आलं होतं. आकडा, एक्सपायरी, लाल रेघ, सगळं दुकानातल्या चार गोळ्यांबरोबर राहिलं. रंग निराळा दिसला म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘कंपनी बदलली काकू, औषध तेच.’

औषध तेच होतं. पण १०च्या संपल्या होत्या, म्हणून २५च्या दिल्या होत्या.

म्हणजे २०च्या जागी ५०. सकाळी दहापर्यंत उठले नाही. जीभ लाकडाची झालेली, वर्तमानपत्राची अक्षरं पसरलेली. उठून उभी राहिले आणि अंधारी येऊन बेसिनवर आपटले. कपाळाला टेंगूळ. डॉक्टरांना फोन केल्यावर त्यांनी आधी छातीत धडधड आहे का, लघवी झाली का, हे विचारलं आणि पट्टीचा फोटो पाठवा म्हणाले. फोटोत काय दिसणार, शेपूट? शेवटी ह्यांनी दुकानात जाऊन उरलेला तुकडा बघितला, तेव्हा २५चा आकडा सापडला. तपासून घ्यायला लगेच बोलावलं, ईसीजी काढला, निभावलं.

तिथून माझा नियम ठरला: अख्खी पट्टी, बिलावर औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम, आणि दुकान सोडण्याआधी चिठ्ठीशी ताडून बघायचं. पोरगा वैतागतो. मालकाशी दोनदा वाजलं. ‘गिऱ्हाईकंच सुट्ट्या मागतात’ असं तो म्हणाला आणि तेवढ्यापुरतं मला गप्प बसावं लागलं. अहो, पण एक्सपायरीचा भाग दुकानात ठेवायचा आणि आंधळा तुकडा गिऱ्हाइकाला द्यायचा, हा कुठला न्याय?

गोळीचं म्हणाल तर पहिले दहा दिवस मी तिला एकच तारा दिला असता. आग तशीच, वर तोंड कोरडं आणि पोट गच्च. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की ही डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात चालत नाही, नसा शांत व्हायला आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री उजव्या कुशीवर झोपले आणि सकाळी लक्षात आलं की आपण उजव्या कुशीवर झोपलो होतो. तेव्हा तीन तारे. आता चार. पाचवा तोंडाच्या कोरडेपणामुळे अडलाय.

ह्या कोरडेपणाला कुणी गंभीरपणे घेत नाही. मी दिवसभर लिंबाच्या गोळ्या चघळत बसले आणि चार महिन्यांत दोन दाढा किडल्या. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, लाळच कमी, त्यात साखर, मग दुसरं काय होणार? आता घोटघोट पाणी आणि वेलदोडा. दाढेच्या निमित्तानं एक चांगलं झालं. त्यांनी चालू औषधं विचारली, मी पट्टी (अख्खी!) दाखवली आणि त्यांनी लिहिलेली ट्रामाडॉल ही दुखण्यावरची गोळी तिथल्या तिथे खोडली. दोन्ही एकत्र घेतल्या तर फिट येण्याचा धोका वाढतो म्हणे. न विचारता सर्दीचं सिरप घेतलं होतं तेव्हा उलटा अनुभव आला. त्यातही झोप आणणारं, तोंड सुकवणारंच औषध होतं. दोन दिवस मी नुसती पेंगत होते.

वेळेचं एक शिकले. झोपताना दहाला घेतली की सकाळी डोकं जड. जेवणानंतर आठला घेते, मग सातला उठून चहा टाकता येतो. स्कूटी मात्र पहिला महिना हातात घेतली नाही. रात्री उठायचं तर आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसते. मेमध्ये घाम कमी येत होता आणि अंग तापत होतं, तेही हिच्यामुळे होऊ शकतं. म्हणून दुपारी बाहेर पडणं बंद केलं. पोटासाठी रात्री इसबगोल.

सुरू करण्याआधी डॉक्टरांनी ईसीजी काढायला लावला होता, तेव्हा तीनशे रुपये उगाच गेले म्हणून मी कुरकुरले होते. ते शब्द मागे. ही गोळी जास्त झाली तर हृदयाच्या ठोक्यांवर जाते. काचबिंदू आहे का, फिट येतात का, हार्ट अटॅक येऊन गेलाय का, एवढंच नाही, तर ‘कधी जगू नये असं वाटलंय का’ हेही त्यांनी विचारलं. मला राग आला होता. मग त्यांनी समजावलं, की ह्या औषधाचा साठा घरात असणं काही माणसांसाठी धोक्याचं असतं, त्यांना मुद्दाम थोड्या थोड्या गोळ्या देतात. म्हणजे माझा अख्ख्या पट्टीचा हट्टही सगळ्यांना लागू नाही. अशा घरात पट्टी दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असावी. आणि मनात तसं येत असेल तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे.

माझी पट्टी कपाटात, लोखंडी डब्यात, कुलपात. नात साडेतीन वर्षांची आहे. लहान पोराच्या पोटात थोड्या गोळ्या गेल्या तरी जिवावर बेततं, आणि पोर खेळतंय म्हणून वाट बघायची नसते, १०८ला फोन करून थेट दवाखाना गाठायचा.

दुसरं कुलूप आमच्या ह्यांच्यासाठी. ‘तुला गुण आलाय तर माझ्या कंबरेला पण एक दे की.’ ह्यांना प्रोस्टेट आहे, लघवी तुंबली असती. दिली नाही. दोन दिवस फुगून बसले.

वैशाखात सोलापूरला लग्नाला गेले आणि पट्टी डब्यातच राहिली. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, मळमळ, डोकं ठणकतंय. वऱ्हाडात सगळ्यांना वाटलं जेवण बाधलं. नशा लागली का म्हणून घाबरून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, ही तशी नशा नव्हे, पण शरीराला सवय झालेली असते, एकदम तोडायची नाही. आता आग बरीच शमलीय, म्हणून गेल्या महिन्यात २०वरून १०वर आणलं आहे. इथे टिकलं तर पुढची पायरी. तोंडालाही जरा पाणी सुटायला लागलंय. वयस्क माणसांना कमी सुकवणारी नॉरट्रिप्टिलीनही देतात, पण माझं भागतंय तर बदलायची नाही असं ठरलं.

परवा दुकानात गेले. पोरानं सवयीनं कात्री उचलली, माझ्याकडे बघितलं आणि ठेवून दिली. अख्खी पट्टी, बिलावर १० मिग्रॅ, सगळं व्यवस्थित. फक्त सुट्टे दोन रुपये नव्हते, म्हणून त्यानं लिंबाच्या दोन गोळ्या हातावर ठेवल्या.