पत्र्याचा डेझर्ट कूलर: फॉल्ट कुठे आणि का

नागपुरात कूलर बिघडला की मिस्त्री आधी विचारतो, "फॉल्ट काय आहे?" फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा या शब्दात 'ल' नव्हता. लॅटिनकडे बघून तो पुढे घातला गेला, आणि बराच काळ लिहिला तरी उच्चारला जात नसे. मुळाशी लॅटिन क्रियापद आहे, फसवणे किंवा चुकणे अशा अर्थाचं. 'फेल' आणि 'फॉल्स' त्याच घरातले. इंग्रजीत जुना अर्थ होता उणीव, कमतरता. पत्र्याच्या कूलरला हाच अर्थ चपखल बसतो, कारण त्याचे बहुतेक फॉल्ट काहीतरी कमी पडल्याचे असतात.

पंखा नुसताच हुंकारतो, उचल घेत नाही? बहुधा कपॅसिटर, म्हणजे मोटरला सुरुवातीचा जोर देणारा भाग, उतरलेला असतो. वाइंडिंगला मोटर देण्याआधी तो बदलून बघा. मोटरच्या पाटीवर लिहिलेल्याच एमएफडीचा (मायक्रोफॅरॅड, कपॅसिटरचं माप) हवा.

हवा गरम येते तेव्हा ताट्या, म्हणजे बाजूंच्या ओल्या राहणाऱ्या गाद्या, बघा. एखादा उभा पट्टा कोरडा दिसला तर वरच्या पन्हळीची भोकं बोअरच्या खाऱ्या पाण्याने बुजलीत. त्या पट्ट्यातून बाहेरची झळ तशीच आत घुसते. भोकं तारेने मोकळी करा, पंपाची जाळी धुवा. पंप कोरडा चालला तर जळतो. 44 अंश आणि 20 टक्के आर्द्रतेत पाणी हवेला फार तर 25 अंशांच्या आसपास नेऊ शकतं. चांगल्या ओल्या ताट्या 30 पर्यंत आणतात, तेही समोरची खिडकी उघडी असेल तरच. पावसाळी दमटपणात मात्र चिकचिक होते, तो यंत्राचा दोष नव्हे.

'अर्थ फॉल्ट', म्हणजे विजेची गळती, वेगळा. इथे वीज वाट चुकते आणि ओल्या पत्र्यात उतरते. तीन पिनांचा प्लग, खरंखुरं अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), या तिन्हींत तडजोड नको. पाणी भरताना प्लग काढूनच भरा. उन्हाळ्यात या गळतीनेच माणसं दगावतात.

तरीही प्लॅस्टिकच्या कूलरपेक्षा आम्ही हाच सुचवू: पंप, मोटर, पाती, ताट्या, सगळं सुटं मिळतं. घेताना टाकीचा तळ उलटा करून बघा. सांध्यांवर रंग सुटलेला असेल तर तिथूनच गंज धरेल.