थेट मोटार की उंच टाकी? नळयोजना ठरवताना

विहिरीवरची मोटार चालू केली की पाणी सरळ नळाला, की आधी उंच टाकी भरायची आणि मग व्हॉल्व्ह उघडून गावात सोडायचं, हा वाद ज्यांच्या ग्रामसभेत चाललाय त्यांच्यासाठी लिहितोय. मी दोन्ही पाहिलंय, लहानपणी थेट मोटारवालं आणि आता टाकीचं, आणि माझं मत टाकीच्या बाजूनं आहे हे आधीच सांगतो.

थेट पंपिंगची ओढ कळते, टाकीचा खर्च नाही, जागेवरून भांडण नाही, काम लवकर उरकतं. पण पंपाचा हिशोब करून बघा. २००० लोकवस्ती, जलजीवन मिशनप्रमाणे माणशी ५५ लिटर, म्हणजे दिवसाला १ लाख १० हजार लिटर. टाकी असेल तर एवढं पाणी ८ तासांत आरामात चढतं, तासाला साधारण १४ हजार लिटर, हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, ४० मीटर धरलं तरी ५ एचपीत भागतं. थेट द्यायचं तर अख्खं गाव २ तासांत भरून घेणार, तासाला ५५ हजार लिटर, मग पंप १५-२० एचपीचा लागतो, मंजूर लोड वाढतो, बिलातला स्थिर आकार वाढतो आणि पाइपही जाड घ्यावा लागतो. युनिट टाकीमुळे फार वाचतील असं कुणी सांगितलं तर मानू नका, पाणी तेवढंच उचलायचंय.

खरा फरक लाइट गेल्यावर कळतो. थ्री फेज रात्री येत असेल तर टाकीवाल्या गावात रात्री टाकी भरते आणि सकाळी ६ ला पाणी सुटतं, थेटवाल्या गावात बायका रात्री २ ला हंडे घेऊन नळाशी, आमच्या आईनं हे वर्षानुवर्षं केलंय. आणि आमच्या वरच्या आळीला तेव्हाही धार करंगळीएवढीच, कारण खालच्या आळीत नळांना मोटारी लावलेल्या. टाकी आली म्हणून मोटारी आपोआप बंद होत नाहीत, पण झोन पाडून आळीवार पाणी सोडता येतं, दाब पण सारखा राहतो, १० मीटर उंची म्हणजे साधारण १ किलो दाब.

पाण्याच्या शुद्धतेचा मुद्दा तर सगळ्यात महत्त्वाचा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर क्लोरीनला अर्धा तास तरी मिळायला हवा, टाकीत तो मिळतो, थेट लाइनीत जवळच्या घरांना मिळतच नाही. रिकाम्या लाइनीत गळतीतून गटाराचं पाणी शिरायची भीती दोन्हीकडे आहे, पण थेट पंपिंगमध्ये मोटार बंद झाली की लाइन तिथंच रिकामी होते.

टाकीला सांभाळणूक लागते, वेळेवर धुवायची, भरली की पंप बंद व्हायला फ्लोट स्विच, पंपाजवळ एनआरव्ही, म्हणजे पाणी मागं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, नाहीतर लाइट गेल्यावर चढत्या लाइनीतलं पाणी उलटं येऊन पंपाला दणका देतं.

२०-२५ घरांची सपाट वाडी, लाइट भरवशाची, तर थेट चालेल, व्हीएफडी बसवला तर मागणीप्रमाणे पंपाचा वेग कमीजास्त होतो. पण तिथंही ५-१० हजार लिटरची प्लास्टिकची टाकी लोखंडी स्टँडवर ठेवता आली तर ठेवाच.

ठरावाआधी एक काम करा, गावातल्या सगळ्यात उंच घराची लेव्हल इंजिनिअरकडून मोजून घ्या, त्या घराच्या नळाला ७ मीटरचा दाब मिळेल का हे त्याला सगळ्यांसमोर विचारा, आणि जवळ टेकडी असेल तर टाकी तिथं जमिनीवरच बांधता येईल का तेही, खांबांचा खर्च वाचतो.