केटोकोनाझोल शाम्पू, आठ महिन्यांनंतर: पापुद्रे सुटत होते, पण त्वचा कोरडी नव्हती

नोव्हेंबरपासून २ टक्के केटोकोनाझोलचा (हे बुरशीवरचं औषध) शाम्पू वापरतेय. नुसत्या बाटलीबद्दल लिहायचं तर चार ओळी पुरतील. पण त्याआधी दोन वर्षं मी भलत्याच दुखण्यावर इलाज करत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

मी शाळेत शिकवते. तासाला मध्येच चष्मा पुसायला काढला की काचेच्या आतल्या बाजूला पिठासारखी बारीक भुकटी दिसायची. खडूची धूळ असेल म्हणून सोडून दिलं. मग एका रविवारीही तीच भुकटी दिसली, तेव्हा आरशात नीट पाहिलं. नाकपुड्यांच्या कडेला, दोन्ही भुवयांत आणि कानामागे पिवळट, चिकट पापुद्रे होते आणि खाली त्वचा लालसर झालेली.

"कातडी कोरडी पडलीये, रात्री खोबरेल लावत जा," सासूबाई म्हणाल्या. मलाही ते पटलं. तेल लावलं की पापुद्रे चिकटून बसायचे आणि सकाळी चेहरा बरा वाटायचा. तिसऱ्या दिवशी खाज दुप्पट. मग मेडिकलमधून एक मलम आणलं. दोन दिवसांत सगळं गायब, थांबवलं की आठवड्यात परत. असं चार महिने चाललं. नाकाशेजारी बारीक लाल शिरा दिसायला लागल्या तेव्हा घाबरून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्या मलमात स्टेरॉइड होतं. २०१८ पासून अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, पण मला कुणी चिठ्ठी विचारली नव्हती. याचा राग अजून जात नाही.

डॉक्टरांनी साधी गोष्ट करायला सांगितली. चेहरा धुवायचा, तासभर काहीही लावायचं नाही आणि मग टिश्यू दाबून बघायचा. माझ्या कपाळावरचा आणि नाकावरचा कागद तेलाने पारदर्शक झाला, गालावरचा कोरा राहिला. म्हणजे माझी त्वचा मिश्र, आणि जिथे पापुद्रे तिथे ती चांगलीच तेलकट! त्वचेचा प्रकार एक आणि तिला झालेला आजार दुसरा, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकच होऊन बसल्या होत्या.

आजाराचं नाव सेबोरिक डर्मटायटिस. डोक्यातला कोंडा हे त्याचंच सौम्य रूप, आणि तान्ह्या बाळाच्या टाळूवर धरणारी पिवळट खपलीही त्यातलीच. (बाळाची बहुतेक आपोआप जाते.) मॅलेसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, सगळ्यांच्याच त्वचेवर असते आणि त्वचेतल्या तेलावर जगते. काहींची त्वचा तिला चिडून उत्तर देते. वरून लावलेलं तेलही तिला चालतं, म्हणजे मी रोज रात्री तिला जेवायला वाढत होते. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर लालीऐवजी फिकट चट्टेही दिसतात. मग कॅल्शियम कमी आहे म्हणून गोळ्या सुरू होतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

आता शाम्पूचं. पहिला महिना आठवड्यातून दोनदा. फेस करून पाच मिनिटं तसाच ठेवायचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. मी सुरुवातीला लगेच धुवून टाकायचे आणि पंधरा दिवस काही फरकच पडला नाही. घड्याळ लावून वापरायला लागले तसा तिसऱ्या आठवड्यात डोक्याचा कोंडा गेला. चेहऱ्यासाठी त्याच औषधाचं मलम चार आठवडे दिलं होतं, आणि दिवसा हलकं, बिनवासाचं मॉइश्चरायझर. तेलकट त्वचेलाही ते लागतं, हे मला नवीनच होतं.

खटकलेली गोष्ट म्हणजे केस टोकांना राठ होतात. त्यामुळे शाम्पू फक्त टाळूला लावते आणि टोकांना कंडिशनर. १०० मिलीची बाटली माझ्या लांब केसांना पहिल्या महिन्यातच संपली.

फेब्रुवारीत मी शाम्पू बंद केला, बरं झालं असं वाटलं म्हणून. मार्चमध्ये पेपर तपासणी, रात्रीची जागरणं, आणि भुवयांत पुन्हा तेच. हा आजार मुळातून जात नाही, आटोक्यात राहतो. आता दर गुरुवारी एकदा डोकं धुते. एप्रिलपासून चष्म्याची काच स्वच्छ आहे. लाल शिरा फिक्या झाल्यात, पण पूर्ण गेल्या नाहीत.

कोपरा-गुडघ्यांवर जाड, चंदेरी खवले असतील किंवा उठावदार कडेचा गोल चट्टा असेल, तर हा शाम्पू आणू नका, आधी दाखवून घ्या. तो सोरायसिस किंवा गजकर्ण असू शकतो आणि त्यांचे उपचार वेगळे.

मे महिन्यात सासूबाईंनाही त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या कानामागे कित्येक वर्षं जे सुटत होतं, तेही हेच निघालं. आता त्यांची बाटली वेगळी आहे, आणि पाच मिनिटं झाली का, हे त्या बाथरूममधून मला ओरडून विचारतात.